डब्याचं दूध आणि गावचं पाणी

माझी धाकटी जाऊ बाळंतपणाच्या तापात गेली आणि तिची मुलगी माझ्याकडे आली. माझी स्वतःची मुलं तेव्हा मोठी झालेली, त्यामुळे अंगावर पाजण्याचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीचे महिने शेळीच्या दुधावर निघाले. गावाबाहेर धनगरांचा तळ होता. त्यांच्यातली एक बाई दूध घालायची, तेही माझ्यासमोर धार काढून. आधी काढून आणलेलं दूध मी घेत नसे. मग आमच्याकडचा चारा संपला आणि ती माणसं शेरडं-मेंढरं घेऊन गंगाथडीला, गोदावरीकाठी उतरली. म्हशीचं दूध मुलीला सोसेना, पोट फुगायचं. गावात एक ओली बाळंतीण होती, पण तिचं तिच्याच पोराला पुरत नव्हतं.

मुलीचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, जालन्याला कापसाच्या जिनात कामाला होते. माघात ते आले तेव्हा पिशवीतून एक पत्र्याचा डबा निघाला. आत दुधाची पूड आहे, पाण्यात कालवली की दूध होतं, जालन्याला साहेबलोक लेकरांना हेच पाजतात, असं त्यांनी सांगितलं. डब्यावर एका पोराचं चित्र होतं. ते पोर इतकं गुबगुबीत होतं की मला आधी त्याचाच संशय आला. दुकानदारानं आत मैदा भरला नसेल कशावरून, असं मी विचारलं. भावजींचा चेहरा उतरला.

"वैनी, झाळून बंद केलेला डबा हाय. तुमच्याच हातानं फोडा."

फोडला. पूड चिमटीत धरून जिभेवर ठेवली. पिठासारखी चिकटली नाही, गोडसर लागली. गरम पाण्यात कालवून अर्धी वाटी मी स्वतः प्यायले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली. मला काही झालं नाही. तरी मुलीला द्यायचा धीर होईना, कारण डब्यावरचा मजकूर इंग्रजी होता. मला बाळबोध येते, मोडी येते. वडील गावठी शाळेत शिकवत, त्यांनी घरीच शिकवलं. पण जे वाचता येत नाही त्यावर मी विसंबत नाही.

म्हणून गाडी जुंपून आम्ही पाटोद्याला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्क होते. त्यांनी डबा फिरवून फिरवून वाचला, पुडीचं आणि पाण्याचं माप सांगितलं आणि मग बोट वर करून म्हणाले, "दूध अच्छा है, बाई. पानी की फिकर करो. पानी उबालो, ढाँको, फिर दूध बनाओ."

दुधाची म्हणजे आता चिंता नव्हती. राहिलं पाणी.

आमच्या गावात पाणी तीन ठिकाणचं. गावाच्या मध्यावर जुनी दगडी बारव होती. पायऱ्या उतरून बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. पाणी गोड, मऊ. डाळ झटकन शिजायची. सगळा गाव त्याचं कौतुक करायचा. पण बारवेचं पाणी पिणाऱ्या घरांत दरसाल कुणाच्या ना कुणाच्या पायातून नारू निघायचा. सुतासारखा तो किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढत बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली होती. देवीचा कोप, असं म्हणायचे. मला ते पटत नसे. मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्यांवर देवी कधीच कशी कोपत नाही, हा माझा प्रश्न होता. दुसरं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं. ते दिसायला काचेसारखं. पण वरच्या अंगाला धुणी चालायची आणि गुरंही तिथंच उतरायची. तिसरं आमच्या मळ्यातल्या मोटेच्या विहिरीचं. खोल विहीर, आत उतरायला पायऱ्या नाहीत, म्हणजे कुणाचा पाय लागायची सोय नाही. पाणी मात्र जड. त्यात डाळ शिजत नाही, म्हणून गावात त्याला नाव ठेवायचे.

मी मळ्याचं पाणी ठरवलं. आमच्या गड्याची बायको रोज सकाळी तांब्याच्या कळशीतून ते आणायची. जुन्या धोतराची चौपदरी घडी करून मी ते गाळायची, उकळ्या फुटेपर्यंत तापवायची, झाकण ठेवायची आणि पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून निवू द्यायची. मगच पूड. दूध पाजायचं चोचीचं बोंडलंसुद्धा रोज उकळत्या पाण्यातून काढायची. घरच्या बाकीच्यांसाठी रांजण नेहमीसारखा बारवेच्या पाण्यानं भरलेला असे. मुलगी दूध पचवू लागली. गालांवर थोडं मांस आलं. भावजी जालन्याला परत गेले.

मग रब्बी ज्वारीचा शाळू काढणीला आला. मला मळ्यात जाणं भाग होतं. मुलीजवळ आत्याबाई थांबल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. हाताला स्वच्छ, पोराला जपणारी बाई. मी त्यांना सगळं समजावलं आणि त्यांच्याकडून उलट म्हणवून घेतलं. एका शब्दानं चुकल्या नाहीत.

थोड्याच दिवसांत मुलीला ढाळ लागले. संध्याकाळी मळ्यातून येऊन मी तिला मांडीवर घेतलं तर टाळू खोल गेलेली, डोळे आत, आणि रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक. एवढी टाळू गेलेलं पोर किती दिवस काढतं हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. शेजारणीनं दर्ग्यातून भारलेलं पाणी आणून दिलं. मी ते आदरानं घेतलं आणि तुळशीला घातलं. तुळशीला ढाळ होत नाहीत.

कुठंतरी कुणीतरी चुकत होतं, आणि मी एकेकाला धरायला निघाले.

पहिला संशय गड्याच्या बायकोवर. मळा लांब, बारव तिच्या वाटेवर. डोक्यावर भरली कळशी घेऊन तेवढं चालण्यापेक्षा वाटेत बुडवून आणणं सोपं. विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती. म्हणून न विचारता तिनं आणलेल्या पाण्यात मी मूठभर तुरीची डाळ चुलीवर चढवली. दुपार झाली, फाटी संपली, तरी डाळीचे दाणे खड्यासारखे. पाणी मळ्याचंच होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं, कारण एक दिवस खरं वागणं कुणालाही जमतं. डाळ पुन्हा कच्चीच. तोवर तिला कुणकुण लागली होती. कळशी उतरवता उतरवता ती म्हणाली, "मालकीणबाई, तुमच्यापुढं कुणाची डाळ शिजायची?" मी हसले नाही. तिच्यावरचा संशय तेवढा काढून टाकला.

मग डबा. झाकण नीट बसतं का, मुंग्या गेल्या का, ओला चमचा बुडतो का, हे पाहिलं. पुन्हा स्वतः पिऊन पाहिलं. मग कळशी बदलली, गाळायचं धोतर बदललं. बोंडल्याच्या चोचीत काडी घालून पाहिलं. काही सापडलं नाही, आणि मुलगी वाळत चालली होती. आत्याबाईंना विचारलं की पाणी खरंच उकळता ना. त्या दुखावल्या. उकळ्या फुटल्याबिगर पातेलं उतरवलेलं न्हाई, म्हणाल्या, आणि देवापुढच्या समईची आण घेतली. आत्याबाई खोटी आण घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

बाजाराच्या दिवशी गडी-माणसं पाटोद्याला गेली, काढणी थांबली, आणि मी घरी राहिले. त्या दिवशी दूध सगळं मीच केलं. संध्याकाळी मुलीचे ढाळ बरेच थांबले होते. दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेले आणि परत आले तर पुन्हा तेच. आता डबा, विहीर, कळशी सगळी सुटली. उरली फक्त आमची चूल आणि चुलीपुढची बाई.

त्याच्या पुढच्या सकाळी मी विळा घेऊन घरातून निघाले, वेशीपर्यंत गेले आणि परड्याच्या बाजूनं मागं आले. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, त्यांच्याआड उभी राहिले. आपल्याच घरात असं उभं राहणं शोभत नाही, पण मुलीला विचारून काही कळणार नव्हतं.

आत्याबाईंनी मळ्याच्या कळशीतलं पाणी गाळून घेतलं, तापवलं. उकळ्या फुटल्या. झाकण ठेवून उतरवलं. मापानं पूड काढली. माझ्या सांगण्यात आणि त्यांच्या करण्यात केसाचा फरक नव्हता. मुलगी भुकेनं रडत होती. त्यांनी वाफाळतं पाणी वाटीत ओतलं, बोटानं चटका पाहिला, उठल्या, रांजणातून फुलपात्र भरलं आणि त्यातलं पाणी वाटीत घातलं. हात असा सराईत चालला की त्यांना स्वतःलाही काही वेगळं केल्यासारखं वाटलं नसेल.

मी आत गेले.

"आत्याबाई, वाटीत काय घातलं?"

"विसण," त्या म्हणाल्या. "कावून अशी बघतीस? चटके देऊ का लेकराला?"

"उकळलेलंच पाणी घ्यायचं म्हणून सांगितलं होतं."

"उकळलंय की. वाफ येतीया अजून. घोटभर विसण घातलं म्हणून ते न उकळलेलं झालं का?"

मी म्हणाले की गरम असेल तर परातीत ठेवून निववायचं, रांजणातलं बारवेचं पाणी त्यात घालायचं नाही. त्यांनी मान हलवली. वाटी त्यांच्या हातातच होती.

"निववलं तरी विसण पायजेच," त्या म्हणाल्या. "बिनविसणाचं पाणी कुणाला घालतात, तुला ठावं हाय. हिच्या आईला म्याच न्हाऊ घातलं. त्या दिशी विसण घातलं न्हाई. त्याच हातानं हिला तसलंच पाणी पाजू?"

आमच्याकडे गरम पाण्यात गार पाणी मिसळतात ते जिवंत माणसासाठी. मढ्याच्या आंघोळीच्या पाण्यात विसण घालत नाहीत. हे मला माहीत होतं. पण त्याची आणि दुधाच्या वाटीची गाठ मी कधी घातली नव्हती.

मी वाटी घेतली आणि परड्यात ओतली. पोर रडत होतं. आत्याबाईंना बंदी घालता आली असती, त्यांनी मानही डोलावली असती. पण मी मळ्यात गेले की पदराआडून थेंबभर तरी त्यांनी घातलंच असतं, याची मला खात्री होती. भ्यालेली बाई शब्द देते आणि आपल्या भीतीप्रमाणे वागते.

म्हणून मी मळ्याचं पाणी पुन्हा चुलीवर चढवलं, चांगलं उकळू दिलं आणि तांब्यात भरून परातीत ठेवलं. तोवर मुलीला मांडीवर घेऊन बसले. पुरतं गार झाल्यावर तांब्यावर वाटी पालथी घालून तो आत्याबाईंपुढं ठेवला.

"विसण घाला," मी म्हणाले. "पण ह्या तांब्यातलं."

त्यांनी बोट बुडवून पाहिलं. "हे बी उकळलेलंच."

"पण गार आहे ना? गरमात गार घातलं की विसण झालं. ते गार पाणी कच्चंच पाहिजे, असं कुणी सांगितलंय?"

त्या विचारात पडल्या. शिळं नाही ना होणार, असं त्यांनी विचारलं. रोज सकाळी नवं करू, मी म्हणाले, आणि सकाळची भाकरी तुम्ही संध्याकाळी खाताच की. खाते, म्हणाल्या. मग त्यांनी नव्या वाटीत गरम पाणी घेतलं, तांब्यातलं थोडं त्यात सोडलं, पूड कालवली आणि मुलीला जवळ ओढलं.

ढाळ एकदम थांबले नाहीत. पेजेचं पाणी, तेही त्याच तांब्यातलं विसण घालून, आणि थोडं थोडं दूध असं करत टाळू हळूहळू भरून आली. रांजण मी घासून मळ्याच्या पाण्यानं भरायला लावला. यावर घरात कुरकुर झाली, कारण डाळ शिजेना. शेवटी डाळीपुरती बारवेची एक घागर वेगळी ठेवली. ती चुलीवर उकळतेच.

शाळू घरात आल्यावर दूध पुन्हा मी करू लागले. माझी रीत जुनीच, पातेलं परातीत ठेवून निववायची; विसणाचा तांब्या तेवढा आत्याबाईंसाठी रोज भरून ठेवायची. एक दिवस पूड कालवून बोंडलं भरत होते तर आत्याबाई मुलीला कडेवर घेऊन दारात उभ्या.

"घातलंस का विसण?"

"घातलं."

त्या आत आल्या, तांब्यावरची वाटी उचलली आणि वाकून पाहिलं.

"तांब्या तर काठोकाठ हाय."

मी तांब्या उचलला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बोंडल्यात धार सोडली. त्यांनी ती पुरती पडू दिली आणि मगच मुलीला माझ्या मांडीवर दिलं.