टाचेचं माप

चहा घ्या, तोवर सांगतो. फक्त मध्येच हसू नका. एका धडधाकट माणसाला मी माझ्या वहीच्या जोरावर गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतवलं!

माणूस कॉम्प्युटरमधला होता, म्हणून वाचलो.

माझी भाची प्रांजली अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कृत्रिम पाय बनवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून पडद्यावर माणूस चालवायचा, हा तिचा प्रोजेक्ट. सोमवारी सरांना दाखवायचा होता आणि हा बाबा दुसऱ्याच पावलाला पडत होता. फोनवर पोरगी रडकुंडीला आलेली.

“मामा, टाच टेकली की तो चेंडूसारखा उडते. जरा मऊ केलं की जमिनीत जाते. टाच किती दबते, तो आकडाच बसून नाही राहिला.”

“मंग मोजून पाह्य ना!”

“कोणाची मोजू?”

“माही आहे ना! रविवारी आकडे घेऊनच येतो.”

मी शिकलो बी.कॉम., बाकी सगळं वाचून, खटपट करून. पण रोजची वही कधी चुकत नाही. शनिवारी सकाळी जठारपेठेतल्या घराच्या अंगणात वजनकाटा मांडला. घोट्यावर पेनाची खूण, मागे भिंतीला पट्टी. टाचेवर दहा किलो भार, मग वीस, मग चाळीस. खूण किती खाली आली ते बायको वाचणार, मी लिहिणार. प्रत्येक माप तीनदा!

“एकतीस मिलिमीटर,” ती म्हणाली. “अवो, इतकी मऊ कावून? या भेगा पाह्यल्या का? नारळ फुटन तुमच्या टाचेवर!”

“आकडा सांग. मत नको.”

मनातून मात्र मी हललो होतो. इतकी वर्षं ही टाच मला वाहतेय, आणि मी कधी तिची विचारपूस केली नाही. किती सोसते बिचारी! तेही पानभर लिहिलं.

रविवारी एसटीने अमरावती. प्रांजलीने आकडे भरले. पडद्यावरच्या माणसानं पहिलं पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत आत गेला. दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत!

“कॉम्प्युटर बिघडला असन,” मी म्हणालो. “माहं माप तीनदा घेतलेलं आहे.”

“तिन्ही सारखे आले?”

“नाही. दरवेळी थोडं वाढत गेलं. टाच थकत असन.”

तिनं शांतपणे माझ्याकडे पाहिलं. “मामा, काटा कुठी ठेवला होता?”

“अंगणात. सडा टाकला होता. धूळ नको म्हणून दोन बादल्या जास्तच.”

स्वयंपाकघरातून माझी बहीण निर्मला ओरडली, “बाप्पा! वल्ल्या काळ्या मातीत? दादा, काटा रुतून राहिला अन् तू टाच मोजून राहिला!”

फरशीवर नवं माप घ्यायला दहा मिनिटं लागली. संध्याकाळी तो माणूस पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. आपण रोज करतो ते इतकं अवघड आहे, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

सोमवारी फोन. “मामा, प्रोजेक्ट पास! पण सरांले तुमचे पहिलेच आकडे जास्त आवडले. ओल्या मातीत पाय कसा रुतते, ते लय बारीक मोजलं म्हणे. तुमाले कॉलेजात बोलावलं, मातीवर बोलाले.”

छाती फुगली हो! लगेच तयारीला वही उघडली. टाचेवर बारा पानं. मातीबद्दल शोधशोध शोधलं, तेव्हा एकच ओळ सापडली, खाली दोन रेघा मारलेली:

‘काटा पक्क्या जमिनीवर ठेवला आहे.’