चिंचेनं धुतलेले हात
चिंच कोळताना मला पन्नास वर्षांपूर्वीचं निपाणीतलं आमचं अंगण आठवतं. विड्या वळणाऱ्या आईनं शेजारणींबरोबर शेंगदाण्याची चटणी कुटली होती. सीमेपलीकडच्या कोल्हापूरच्या बायकांची सोसायटी ती विकणार होती. पसंत पडली तर आईचं विड्या वळणं सुटणार होतं. सोसायटीतून आलेल्या आक्कांनी डबा हुंगला. "तंबाखूचा वास मारतोय की गं!" आईचा चेहरा उतरला. "म्हंजी आता न्हाय घेनार व्हय, आक्का?" "घेनार की! बस हितं." आक्कांनी चिंच आणि मीठ घेऊन आईचे हात कोपरापर्यंत चोळचोळून धुतले. "आता कुट परत." दुसरा डबा त्यांनी हुंगला, चाखला आणि एसटीनं सोबत नेला. पुढं आईच्या विड्या सुटल्या, मी पदवीधर झाले; त्या दिवशी पेढा घ्यायच्या आधी आईनं माझेच हात हुंगले.