मासोळी बर्फावर

भिंती रंगवणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतील. पण शिडीच्या शेंड्यावर उभं राहून, खाली पाणी आहे की काय अशा नजरेनं फरशीकडे बघणारी एकच, आणि ती म्हणजे मासोळी. चाळिशीला टेकलेली, अंगानं काटक, मनगटावर कायम कुठला ना कुठला रंग. हे नाव काही तिला आईबापांनी दिलेलं नव्हतं. ते दिलं पोहण्याच्या तलावावरच्या पोरापोरींनी, ती शाळेत होती तेव्हा. तलावाकाठी उड्या मारायचा एक उंच मनोरा होता. भलेभले त्यावर मिशीला पीळ देत चढायचे आणि खालचं पाणी दिसलं की शिडी घट्ट धरून मुकाट्यानं परत उतरायचे. एका शिक्षकांना तर दोघांनी धरून उतरवावं लागलं होतं, आणि ते पोहायला शिकवणारे शिक्षक होते! मासोळी मात्र वर जायची, श्वास घ्यायची आणि सुटायची. हवेत दोन कोलांट्या, एक गिरकी, आणि पाण्यात अशी शिरायची की शिंतोडा उडेल तर शपथ.

एकोणिसाव्या वर्षी एकदा अंग वाकडं पडलं आणि कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, "कान बरा होईल, पण उंचावरून पाण्यात उडी आता विसरायची." ती घरी आली, पोहण्याचा पोशाख धुतला, दोरीवर वाळत घातला आणि तो काढायला काही गेली नाही. शेवटी आईनंच काढला.

पाण्याचं तिला एवढं वाटलं नाही. पाणी काय, नळालाही येतं. चुटपुट लागली ती हवेची. मनोरा सुटल्यावर आणि पाणी लागण्याआधी मध्ये जो घोटभर वेळ असतो ना, त्यात माणसाला कुणी काही सांगू शकत नाही. आई नाही, मास्तर नाही, कुणी नाही. तो घोट तिचा हुकला तो हुकलाच.

पुढं रंगकाम धरलं, रंगाऱ्याशीच लग्न केलं. नवरा स्वभावानं सोनं, पण स्टुलावर चढला तरी भोवळ यायची. त्यामुळं संसाराच्या पहिल्याच आठवड्यात वाटणी झाली. हात पोचतो तिथपर्यंतची भिंत त्याची, वरची सगळी तिची. लोक म्हणायचे, बायकोला वर चढवून ठेवलंय. तो म्हणायचा, "चढवायला कशाला लागतंय? उतरवायला लागतं."

वीस वर्षं अशी गेली, आणि मग त्या दोघांना बर्फाच्या हॉलचं काम मिळालं.

पूर्वी तिथं फळं साठवायचं शीतगृह होतं. कुणा हौशी माणसानं ते घेऊन आत बर्फाचं मैदान केलं होतं. भिंती आकाशी रंगात हव्या होत्या. मासोळी वर ब्रश चालवत होती, आणि खाली एक शिडशिडीत मुलगी पायांत पात्यांचे बूट घालून घसरत आली, उडाली, हवेत गर्रकन फिरली आणि पाठमोरी अलगद उतरून घसरत निघून गेली. मासोळीचा हात जागच्या जागी थांबला. ब्रश थांबला, पण रंग कसला थांबतो? तो खाली नवऱ्याच्या टकलावर पडला.

"अगं ए! मी भिंत आहे का?"

"अहो, ते बघितलंत का?"

"काय बघू? डोळ्यांत आकाश गेलंय माझ्या!"

ती शिडीवरून उतरून सरळ त्या मुलीकडे गेली. ती मुलगी म्हणजे तिथली कोच. सव्वीस-सत्तावीसची, बोलायला गोड पण शिस्तीला कडक.

"मोठ्या माणसांचा वर्ग असतो का हो तुमचा?"

"असतो ना ताई. संध्याकाळी. सुरुवातीला कडेचा कठडा धरून चालायचं."

"आणि उडी?"

कोच हसली. "उडीला वर्षं लागतात ताई. मोठेपणी शिकणाऱ्याला तर फारच."

मासोळीनं कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुमचा कान पाण्याच्या दाबाला भितो, हवेला नाही. झालं! ती दुसऱ्या दिवसापासून हजर.

त्या वर्गात आणखी एक वल्ली होती. तारुण्यात आखाडे गाजवलेला आणि आता पावाची गाडी चालवणारा पैलवान. बायकोनं पोट कमी करायला पाठवलेला. हे दोघं पहिल्या दिवशी बर्फावर उभे राहिले ते नुकत्याच जन्मलेल्या वासरांसारखे, चार पाय चार दिशांना. पण खेळलेलं शरीर काही विसरत नाही. बाकीची मंडळी कठड्याशी नातं जोडून बसली होती, तोवर हे दोघं मैदानभर घसरायला लागले. महिना सरला तेव्हा छोट्या उड्या सुरू झाल्या होत्या. कोचनं तोंडात बोट घातलं. "ताई, मी ज्या गिरकीला तीन हिवाळे घालवले, ती तुम्ही आल्या आल्या कशी काय मारता?"

गिरकी खरंच देखणी होती. उडाली की हात छातीशी, अंग दोरीसारखं पिळलेलं. पण खरी गंमत पुढं होती. उतरायचं कसं, ते तिला येईना!

सगळ्यांत अवघड ती दीड फेरीची उडी. तोंड पुढं करून उडायचं, हवेत दीड गिरकी घ्यायची आणि पाठमोरं होऊन एका पायावर, गुडघा वाकवून उतरायचं. मासोळी दीडाच्या जागी पावणेदोन फिरून यायची. पण बर्फ जवळ आला की तिच्या अंगाला वाटायचं, आलं पाणी! की लगेच दोन्ही पाय जोडलेले, गुडघे ताठ, चवडे ताणलेले, हात डोक्यावर. जित्याची खोड! पाण्यात अशी शिरली असती तर टाळ्या पडल्या असत्या. बर्फात शिरता येत नाही. पात्याच्या टोकाचे दाते रुतायचे आणि बाई पोत्यासारखी धप्प.

पैलवानाचं बरोबर उलटं. त्याला गिरकी येत नव्हती, पण पडायला त्याच्यासारखा उस्ताद नाही. आपटला की लोळण घेऊन हसत उभा.

"ताई, तुमचं वरचं आणि माझं खालचं जोडलं तर एक अख्खा माणूस होईल बघा."

"जोडा की पैलवान. पण पोट तुमच्याकडेच ठेवा."

घरी सासूबाई शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायच्या. आणि पिशवीपेक्षा जीभ गरम. "काय गं, आज डावी बाजू का? उजवीला सुट्टी दिलीस वाटतं." वर पुन्हा, "माझ्या स्वयंपाकघराच्या छताला रंग द्यायला वर्षभर वेळ नाही. जगाच्या भिंती रंगवा, रोज बर्फावर जाऊन आपटा, आणि माझ्या डोक्यावर धुराचं काळं!"

"देते हो आई, देते."

उन्हाळा तोंडावर आला. उन्हाळ्यात हॉल बंद व्हायचा, बर्फ वितळवायचे. त्याआधी शेवटच्या रविवारी एक कार्यक्रम असायचा, आणि कोचनं मासोळीला एकटीसाठी एका गाण्याचा वेळ दिला होता, मध्ये ती दीड फेरीची उडी. पण धपाधप बघून पोरीचा धीर सुटला. बुधवारी तिनं मासोळीला बाजूला घेतलं.

"ताई, राग मानू नका. शनिवारच्या सरावात एकदा जरी नीट उतरलात तर उडी ठेवू. नाहीतर ती काढते. तुम्ही नुसती छान फेरी मारा, हात हलवा. लोकांसमोर काही मोडलं तर मला झोप लागायची नाही."

नुसते हात हलवायला काय, खिडकीतूनही हलवता येतात. मासोळी घरी आली आणि पात्यांचे बूट कोपऱ्यात टाकून बसली. नवऱ्यानं दोनदा विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, मग तो म्हणाला, "राहू दे ना एवढ्या वर्षी."

"अहो, वीस वर्षं राहूच दिलं की," ती म्हणाली. "आता हाताशी आलंय. वर असते तेव्हा मी एकोणीसची असते. खाली आपटल्यावर चाळीसची होते." नवरा उठला. त्यानं पिशवीत गरम पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी, निदान एक काम तरी पार पडू दे म्हणून, ती सासूबाईंचं छत रंगवायला चढली. एका हातात काठोकाठ भरलेला डबा, दुसऱ्यात ब्रश. खाली सासूबाई चुलीपाशी बसून सूचना देत होत्या. तिकडं राहिलं, इकडं जाड बसलं, माझ्या चहात पडेल. मासोळी उत्तरं देत देत खाली येत होती. शिडीकडे तोंड, मान मागं वळवून सासूबाईंशी वाद चाललेला, आणि पाय आपला मागं जाऊन खालची पायरी शोधतोय. आधी चवडा टेकायचा, मग गुडघा वाकायचा, मग अंगाचा भार. डबा अजून भरलेलाच, पण रंग हललासुद्धा नाही.

सासूबाईंनी सूचना देणं थांबवलं. हे त्या घरात क्वचित घडायचं.

"पुन्हा चढ."

"काय झालं आई?"

"चढ म्हणते ना! आणि तशीच उतर, माझ्याशी भांडत."

ती चढली, उतरली.

"मागच्या आठवड्यात तुझा तो तमाशा बघायला आले होते मी," सासूबाई म्हणाल्या. "तिथं विहिरीत पडल्यासारखी उतरतेस. आणि इथं? मागच्या मागं, एका पायावर, लोण्यात पाय ठेवल्यासारखी! ती पोरगी हेच मागतेय ना तुझ्याकडं?"

मासोळी शिडीला धरून उभीच राहिली. मग हसायला लागली ती थांबेचना. वीस वर्षं रोज पाठमोरी उतरत होती की बाई! वर जायचा अभ्यास तलावावर झाला, खाली यायचा शिडीवर, आणि दोघांची कधी गाठच पडली नव्हती. ती पुन्हा चढली, पुन्हा उतरली. डोळे मिटून उतरली. नवरा जेवायला आला तर बायको शिडीवर वरखाली करतेय आणि आई टाळ्या वाजवतेय. तो दारातूनच विचारता झाला, "डॉक्टरला बोलवू का?"

शनिवारी ती बर्फावर रिकामा डबा घेऊन आली.

"ताई, हे काय?"

"रंगाचा डबा आहे. असू दे. भरलेला आहे असं मी समजते."

कोचनं कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. पहिल्यांदा मासोळी पडली, डबा खडखडत पैलवानाच्या पायाशी गेला. त्यानं तो भक्तिभावानं आणून दिला. "सांडला नाही हो ताई, रिकामाच होता." दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा उडाली, फिरली, आणि बर्फ जवळ येताच अंगानं सवयीनं ताणायला सुरुवात केली. पण हातात डबा! रंग सांडेल! गुडघा आपोआप मऊ झाला, पाय मागं गेला, चवडा टेकला. थोडी डगमगली, पण उभी! पैलवानानं अशी आरोळी ठोकली की कठड्याशी नातं जोडलेले दोघंजण खाली बसले.

"राहिली," कोच म्हणाली. "उडी राहिली. डबा मात्र उद्या नाही हं!"

रविवारी हॉल भरला होता. पैलवानानं आधी आपली फेरी केली, एकदा मुद्दाम पडून लोळण घेतली आणि सगळ्यांत जास्त टाळ्या मिळवल्या. मग मासोळी निघाली. नवऱ्यानं डोळे झाकले होते. बायको हवेत उडाली की त्यालाच भोवळ यायची. सासूबाई त्याच्या बोटांच्या फटी उघडत होत्या. "बघ रे, पैसे न देता मिळतंय तर बघ!"

ती वेग घेऊन आली, पाय सुटला, आणि तो घोट आला. तोच. हॉल गप्प, माणसं नाहीत, वय नाही. मग तिनं मागं पाय टाकला, जशी रोज टाकते तशी, पायरी आहेच या भरवशानं. आणि पायरी होती. चवडा, गुडघा, भार. एक थेंब सांडला नाही.

ती पाठमोरी घसरत गेली, गेली, गेलीच. थांबायचं भान कुणाला होतं? पाठ जाऊन टेकली ती कठड्याला, तिच्याच हातच्या आकाशी भिंतीपाशी. टाळ्यांनी हॉल दणाणला. कोच बर्फावरून धावत आली आणि, दैव बघा, मिठी मारताना तीच घसरून पडली.

मासोळी हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. त्या गलक्यातून एक आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला.

"शाब्बास गं पोरी! आता उन्हाळाभर बर्फ नाही, कळलं का? माझं छत अर्धंच राहिलंय!"