सुई आणि सुईण

हरिचंद्रला भिकी किती ठाऊक होती असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर 'फारच थोडी' हेच आहे. तिचं वय, तिच्या नवऱ्याचं नाव, तिची डावी करंगळी वाकडी कशाने झाली, यातलं काहीच त्याने कधी विचारलं नाही. महिन्यातला एक बुधवार, तोही दोन-तीन तास, एवढीच ओळख.

हरिचंद्र राहायचा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. नोकरी आरोग्य सेवकाची, बदलापूरकडची. सत्त्याऐंशी साली बारवी धरणाच्या अंगाच्या डोंगरातल्या वाड्या त्याच्याकडे आल्या. खांद्याला बर्फाची पेटी अडकवून तो भिकीच्या वाडीत पहिल्यांदा चढला, तेव्हा पोरं "गारेगारवाला आला!" करत धावत आली. पेटीतून सुई निघालेली पाहिली आणि तशीच पळाली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीत गोवराने दोन पोरं दगावली होती. या वाडीत टोचण्याजोगी अकरा होती. हरिचंद्रने घाईघाईत आधीच कुपी फोडून औषध कालवून ठेवलं. आता ते तासा-दोन तासांत वापरलं नाही तर फेकावं लागणार होतं. अंगणात बाया जमल्या, पण मूल कोणी पुढे करेना. त्याने घसा खाकरला.

"घाबरू नका. ही गोवराची लस आहे. अंगात लस गेली की गोवर येत नाही."

बाया आणखी मागे सरल्या. आवडी नावाची तरणी बाई तर पोर पदराखाली घेऊन घरात शिरली. ओट्यावरची म्हातारी मात्र हसायला लागली. ती भिकी, वाडीची सुईण.

"काय बोललास दादा? लस?"

"हो आजी, लस."

"गळू फुटल्यावर वाहते ती लस. ती आमच्या पोरांच्या अंगात घालतोस व्हय?"

हरिचंद्रचे कान तापले. दोन वर्षं तो हाच शब्द दारोदार सांगत फिरला होता.

"मग काय म्हणू?"

"सुई म्हण. सुई तुझी, सुईण मी. ही सगळी माझ्याच हातावर जन्मलीत. टोचून घेतील माझ्या मांडीवर." मग तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "आवडे, नवसीला आण. माझी नात हाय, तुझ्या एकटीची नाय!"

"ताप आला तर?" सून आतूनच म्हणाली.

भिकीने हरिचंद्रकडे पाहिलं. 'नाही येणार' त्याच्या ओठावर आलं होतं.

"येईल थोडा. आठवड्याने, एखाद-दुसरा दिवस."

"खरं बोलला," भिकी म्हणाली. "आण गं."

नवसीने वाडी डोक्यावर घेतली, पण तिच्यामागून आणखी आठ पोरं त्या मांडीवर बसली. उरलेल्या दोघांच्या आया रानात गेल्या होत्या. महिनाभरात गोवर इथेही आला. त्या दोघांना निघाला. वाचली, पण एकाचा कान कायमचा गेला. नवसीच्या अंगावर पुरळसुद्धा उठलं नाही.

पुढे अकरा वर्षं पोर धरायला भिकी आणि टोचायला हरिचंद्र, असंच चाललं. 'लस' हा शब्द त्याने फक्त रजिस्टरात ठेवला. अठ्ठ्याण्णवच्या माघात ती गेली, हे त्याला पुढल्या खेपेला नवसीने सांगितलं. त्याआधीच्या बुधवारी पेटी बंद करताना दोघं बोलली ते एवढंच.

"देऊचं पोर टोचायचं राहिलं, आजी."

"मामाकडं गेलंय. पुढल्या खेपेला धरून ठेवते. चहा पिऊन जा."

"नको, बस चुकेल."