हलगी थांबली तेव्हा

परळच्या त्या शाळेत प्रभातफेरीपुढे लेझीम खेळायचा मान कायम मुलांचा. महाराष्ट्र राज्य होणार त्या वर्षी मात्र नववीतली बकुळा मुलीच खेळणार म्हणून हट्टालाच पेटली, म्हणून प्रधानसरांनी मुलींची परीक्षा घेतली. खेळ ऐन रंगात आला आणि गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. साथीला हलगी वाजवणारा भिवा रोजच्या सवयीने ती टाकून वडिलांचा डबा पोचवायला पळाला!

“झालं! आता कशावर नाचणार गं?” मुलं खिदळली.

पण बकुळाच्या ओठांवर वडिलांचं बोट धरून मोर्चात दिलेली घोषणा आली, “संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” मुलींनी ती उचलली आणि त्याच ठेक्यावर सगळ्यांची लेझीम खणखणली.

“सर, फेरीच्या पुढे कोण?” तिने धापा टाकत विचारलं.

“विचारतेस काय? तुम्हीच!”