स्नेहलतागंजातला समुद्र

हे आज सकाळी गेले. साठ वर्षांहून जास्त ज्या चुकीसाठी स्वतःला दोष देत राहिले, ती चूक माझी होती.

एका बोटाने टाइप करतेय, सांभाळून घ्या. नातीला सांगून लिहवलं असतं, पण हे दुसऱ्याकडून लिहवण्यासारखं नाही.

मध्य प्रदेश राज्य नवं नवं झालं होतं. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूर रुसून बसलेलं. संस्थान गेलं तशी सासऱ्यांची दरबारची नोकरी संपलेली, आणि हे कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष.

ह्यांना एकच खूळ. इंदूरच्या लोकांना समुद्राला हात लावू द्यायचा.
नुसता दाखवायचा नाही. हात लावू द्यायचा.

मुंबईहून समुद्राचं पाणी पिंपांत भरून आणलं, खंडव्याला गाडी बदलून. स्नेहलतागंजातल्या आमच्या मंडळाने हॉल दिला. मोहल्ल्यातल्या लोकांनी मिळून सिमेंटची टाकी बांधली, लहान पोरांचा हात पोचेल एवढीच उंच. तळाला वाळू. वाळूवर स्टारफिश, शंखात राहणारे खेकडे, आणि एक असं काही, की बोट लावलं की मिटायचं.

पाणी कमी पडलं, तेव्हा ह्यांनी खडेमीठ आणि लॅबमधले क्षार तोलून आणखी तयार केलं. तीनदा तोललं. मी शेजारीच उभी होते.

मग लोक आले. बाहेरगावाहून, पार सांवेरहून बस भरून आले.
एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "मास्साब, यो असली समंदर है?"
हे म्हणाले, "चख के देख लो."
त्याने बोट बुडवून चाटलं, आणि परत बुडवून परत चाटलं. ह्यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता तुम्ही. एवढं खूश मी त्यांना परत कधी पाहिलं नाही. स्वतःच्या पोरांच्या लग्नातसुद्धा नाही.

रविवारी बायकांची पाळी. सगळ्यांत पुढे मी, सरांची बायको ना.

मोरटक्क्याच्या पुलावरून गाडी गेली की आपण खिडकीतून नर्मदाजीत पैसा टाकतो. हात आपोआप जातो. इथे तर नर्मदाजी ज्याला जाऊन मिळते, तोच दारात आलेला. रिकाम्या हाताने कसं जायचं?

देवघरातला दरबारच्या वेळचा तांब्याचा पैसा मी घेऊन गेले होते. नवे पैसे आल्यापासून तसले जुने पैसे बाजारात चालत नसत, देवालाच चालत. टाकीत सोडला आणि हात जोडले. ह्यांचं काम टिकू दे म्हटलं.

माझं बघून मागच्या सगळ्या बायकांनी घरून तसलेच पैसे आणून टाकले. पैसे वाळूत बसले, वर काही दिसेना. हे तेव्हा बाहेर लोकांना हात धुवायला लावत होते.

तिसऱ्या दिवशी स्टारफिशचे हात गळायला लागले. आठवडा संपायच्या आत टाकीत काही हलेना. वास सुटला.

मंडळातले एक जण म्हणाले, "सर, नमक ज़्यादा हो गया दिखता है."
हे म्हणाले, "हो. माझंच तोलायला चुकलं."

त्यानंतर ह्यांनी त्या हॉलमध्ये पाय ठेवला नाही. टाकी मीच साफ केली. वाळूतले पैसे वेचले, धुतले, आणि ओंकारेश्वरला गेलो तेव्हा नर्मदाजीत सोडले. तोपर्यंत मला काही ठाऊक नव्हतं. खरंच सांगते.

कळलं ते नंतर. ह्यांनी मुंबईच्या आपल्या जुन्या सरांना पत्र लिहून विचारलं होतं, माझं काय चुकलं म्हणून. उत्तराचं पोस्टकार्ड माझ्या हातात पडलं. इंग्रजीत होतं, पण मी मॅट्रिक होते. लिहिलं होतं की मिठाचं प्रमाण अगदी बरोबर आहे. लोकांनी पाण्यात नाणी तर टाकली नाहीत ना? तांबं ह्या जिवांना विष असतं.

ते कार्ड मी बंबात घातलं.

एकोणीस वर्षांची होते. वाटलं, हे मला माहेरी धाडतील. धाडलं नसतं हो. तो माणूस तसा नव्हताच, पण हे कळायला मला दहा वर्षं लागली, आणि तोवर खूप उशीर झाला होता.

कधीमधी म्हणायचे, "सरांनी उत्तर नाही दिलं. बरोबर आहे. मला कशाला देतील."

ह्यांनी लॅब सोडली. कचेरीत फायली लिहीत रिटायर झाले. पोरं समुद्र बघून आली, नातवंडं आली, हे कधी गेले नाहीत.

आणि पानात मीठ कधी स्वतःच्या हाताने वाढून घेतलं नाही.
"तू वाढ. तुझा हात बरोबर आहे."
रोज दोन वेळा हे ऐकायचं, आणि वाढायचं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

चार दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. तेव्हा सांगितलं. कॉटवर बसून सगळं सांगितलं. पैसा, बायका, पोस्टकार्ड, बंब.

शुद्धीत होते. सगळं नीट ऐकलं. मग माझा हात धरला.

"विमल, मला बरं वाटावं म्हणून सांगतेस ना?"
मी म्हटलं, "देवाशपथ खरं आहे."
"राहू दे गं. तुला खोटं कधी बोलता आलं नाही, आताही येत नाहीये. मीठ माझंच चुकलं होतं."

काय दाखवणार होते मी? कार्ड जाळलेलं, पैसे नर्मदाजीत. त्या बायकांतली एक उरलेली नाही.

काल दुपारी पेज केली. मिठाची वाटी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आज तुम्ही घाला. एकदा तरी.
वाटी माझ्याकडे सरकवली त्यांनी.
मी घातलं. पेजेचे दोन चमचे घेतले त्यांनी.

दुपारी चार वाजता घरून निघायचंय. ज्यांना जमेल त्यांनी या.

तुमचं मीठ बरोबर होतं हो. अगदी बरोबर होतं.
नमस्कार करते.