मला चालत नाही

सुमन घाटे. माझ्या नावापुढे आज जी पदवी लागते ती ज्यांच्यामुळे मिळाली, त्यांचं हे नाव. भिलाईच्या सेक्टर दहामध्ये स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये त्या राहायच्या आणि आम्ही त्यांना घाटेकाकू म्हणायचो. दीडेक महिन्यापूर्वी मी रायपूरला ऑफिसला निघत होतो, तेव्हा काकांचा फोन आला. "गणेश, तुझी काकू गेली रे... झोपेतच." डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला होता. मी पोचलो तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि नात्यातल्या एक बाई शेजारणीला सांगत होत्या, "खात तरी काय होती बिचारी? पोळी सोडली की अंगात ताकद राहणार कुठून?" दोघी-तिघींनी माना हलवल्या. काकांनी ते ऐकलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. ज्या गैरसमजाशी काकू आयुष्यभर न चिडता झगडल्या, तो त्यांच्याच अंगणात खुर्ची घेऊन बसला होता. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही राहायचो कॅम्प-1 या कामगार वस्तीत. बाबा प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. मूळ गाव गोंदियाकडे, शेतकरी घर. मी सरकारी हिंदी शाळेत शिकत होतो. मराठी ही आमच्या घरी फक्त बोलायची भाषा होती, लिहायची नाही. नववीत असताना गणपतीत मराठी मंडळाची निबंध स्पर्धा होती. आईच्या हट्टापायी मी त्यात भाग घेतला आणि अर्धा निबंध हिंदीत लिहून आलो. काकू तपासणाऱ्यांत होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. वाटलं, आता ओरडा बसणार. त्या हसून म्हणाल्या, "निबंध छान आहे रे, पण भाषा दोन आहेत. उद्यापासून संध्याकाळी घरी ये." मी गेलो, आणि पुढे चार वर्षं जात राहिलो. गणित, इंग्रजी, आणि वर मराठी. काहीही लिहायचं झालं की त्यांचं एकच सांगणं असे: "आधी कच्चं लिही. कच्च्यात चुकायची मुभा असते." काका प्लांटमध्ये अधिकारी होते, पण घरी मात्र काकूंच्या धाकात. घरात मैदा येत नसे म्हणून ते कॅन्टीनमध्ये समोसा खाऊन येत. काकू दारातच म्हणायच्या, "घाटेसाहेब, मिशीला समोसा लागलाय." काका बिचारे मिशी पुसत आत जायचे. काकूंना पोळी आवडत नसावी, एवढंच मला तेव्हा वाटायचं.

दहावीत मी पहिल्या वर्गात पास झालो. आमच्या घराण्यात तोवर कुणी दहावी पास झालं नव्हतं. आईने सत्यनारायण घातला आणि सगळ्यात आधी आमंत्रण दिलं ते काकूंना. त्या काकांच्या स्कूटरवर बसून कॅम्पच्या गल्लीत आल्या, तेव्हा आईला काय करू नि काय नको असं झालं होतं. साजूक तुपातला रव्याचा शिरा, वर काजू. तिने स्वतःच्या हाताने वाटी पुढे केली. काकूंनी ती घेतली, कपाळाला लावली आणि हळूच म्हणाल्या, "शांताताई, मला चालत नाही हो. ह्यांना देते." आणि वाटी काकांच्या हातात दिली.

मराठी माणसाला 'चालत नाही' या दोन शब्दांत काय काय ऐकू येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. कांदा चालत नाही, उपासाला मीठ चालत नाही, आणि... तुमच्या हातचं चालत नाही. शेजारची साहू काकी छत्तीसगढीत आईच्या कानाशी लागली, "बड़े लोगन हमर घर के नइ खावंय बहिनी." आई हसत राहिली, पाहुणे जाईपर्यंत. मग ती भांडी घासायला बसली आणि शिऱ्याचं पातेलं किती तरी वेळ घासत राहिली.

"कावून घासून राहिली एवढं?" बाबांनी विचारलं.

"आपल्या घरचं तिले चालत नाही, त आपलं पोरगं तिच्या घरी कायले जाते?" आई म्हणाली. "देवाचा प्रसाद होता. म्या नवी साडी नेसून बनवला होता."

"पोरगं शिकून राहिलं. मधात शिरा कायले आणतं?"

"शिकन तिकडंच कुठंतरी. भिलाईत का मास्तर कमी हायत?"

माझं जाणं बंद झालं. अकरावीचं गणित समोर होतं, आणि कॅम्पमध्ये ते शिकवणारं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. आईपुढे बोलायची माझी हिंमत नव्हती, आणि तिचं दुखणं मला कळतही होतं. दिवस जात राहिले. शाळेच्या पहिल्या चाचणीत मी गणितात नापास झालो.

एका रविवारी दुपारी काकू स्वतः आल्या. एकट्याच, रिक्षाने. आईने पाण्याचा पेला ठेवला आणि उभीच राहिली. काकू पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "शांताताई, गणेश येत नाही. माझं काही चुकलं का?"

"आमचं चुकलं, बाई. गरिबानं मोठ्याईले प्रसाद नाही द्यावं."

मग काकूंनी सांगितलं. लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांचं पोट बिघडायचं, वजन उतरायचं, रक्त कमी. कुणी म्हणालं टीबी, कुणी म्हणालं मनाचे खेळ. सासूबाई म्हणायच्या, अशक्तपणा आहे, दोन पोळ्या जास्त खा, वर तूप घे. त्या खायच्या, आणि आणखी आजारी पडायच्या. शेवटी नागपूरला एका डॉक्टरांनी आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं की गहूच या बाईंचं आतडं आतून झिजवतोय. सीलिअॅक नावाचा आजार. औषध नाही. जन्मभर गहू बंद, इतकाच उपाय.

आईचा विश्वास बसेना. "गव्हानं आजार? बाप्पा, गहू त ताकदीचा! आमी गावाकडं सणाले पोळी खात होतो. यायची, गणेशच्या बाबाची, नोकरी लागली तवा कुठं रोज दिसली. बरं, पोळी नाही. पर शिऱ्यात गहू कुठं होता? रवा होता."

"रवा म्हणजे गहूच, ताई. मैदाही गहूच, शेवयाही."

"आन एक घास?"

"एक घासही. कणभरसुद्धा. पोळीच्या तव्यावर माझी भाकरी भाजली तरी त्रास होतो."

"म्हंजे तवा बी येगळा?"

"तवाही वेगळा," काकू म्हणाल्या. "हे ऐकायला कसं वाटतं, मला ठाऊक आहे, शांताताई. माझ्या माहेरी मोलकरणीचा कप वेगळा ठेवत. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. आता 'माझा तवा वेगळा, माझं ताट वेगळं' हेच शब्द मला तोंडाने बोलावे लागतात. म्हणून मी कुणाला सांगतच नाही. चालत नाही म्हणते आणि गप्प बसते. तुमच्या घरी गप्प बसायला नको होतं."

आई खाली बसली. बराच वेळ ती काकूंच्या बारीक मनगटाकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "तांदूळ चालते?"

"तांदूळ चालतो."

"मंग एवढी रडारड कायले? आमी धानाच्या मुलखाचे!" आणि माझ्याकडे वळून, "तू का पाहून राहिला? पुस्तकं काढ. रिक्षात सोबत जा बाईच्या."

पुढच्याच आठवड्यात आईने पॉवर हाउसच्या बाजारातून नवा तवा आणला आणि वेगळ्या खिळ्याला टांगला. त्यावर ती काकूंसाठी तांदळाचे चीले करायची. हे चीले म्हणजे पिठाची पातळ धिरडी. ते करायला तिला साहू काकीनेच शिकवलं. कुणी विचारलं, हा तवा कुणाचा, तर आई ऐटीत म्हणायची, "मॅडमचा. हात नको लावू." वेगळं भांडं एखाद्याला दूर ठेवण्यासाठीच असतं असं नाही, हे मला त्या खिळ्याकडे बघून कळलं.

काकूंबरोबर राहून मी या आजाराबद्दलच्या गैरसमजांचे सगळे प्रकार पाहिले. "थोडंसं खा, काही होत नाही" म्हणणारे. "सवय केली की पचतं" म्हणणारे. श्रावणात राजगिऱ्याचा लाडू हातात दिसला की "आज कुठला उपास?" विचारणारे, आणि एरवीही दिसला की "बाई फार धार्मिक" म्हणणारे. अलीकडे दुकानांत 'ग्लूटेन फ्री' लिहिलेली पाकिटं आली, तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी वजन उतरवायला म्हणून गहू सोडला आणि काकूंना म्हणाल्या, "तुमचं बरं आहे, फिगर आपोआप राहते." काकू इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अगं, माझ्या आतड्याला विचार फिगर म्हणजे काय ते," त्या म्हणाल्या. नावं ठेवणाऱ्या कुणालाही त्यांनी उलट टोचून बोलल्याचं मला आठवत नाही. विचारणाऱ्याला मात्र पहिल्यापासून सगळं सांगायच्या. त्या रविवारनंतर त्या गप्प बसल्या नाहीत. एकच गोष्ट त्यांना जमली नाही. लग्न असो, बारसं असो, काकू पंगतीत नेहमी वाढायला असायच्या. पदर खोचून, सगळ्यांना आग्रह करत. बसायला कधीच नाही. घरी भाकरी खाऊन निघायच्या. वेगळं ताट घेऊन चारचौघांत बसायचं, त्यापेक्षा वाढलेलं बरं, असं एकदा मला म्हणाल्या होत्या.

मी रायपूरच्या कॉलेजातून पदवी घेतली, तेव्हा आईने पुन्हा सत्यनारायण घालायचं ठरवलं, आणि या वेळी सगळ्या गल्लीला जेवण. बोलावणं फोनवर नको, पत्र लिही, असं आईचंच म्हणणं पडलं. काकू आल्या. पंगतीत साहू काकीच्या शेजारी बसल्या आणि वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. हे कसं घडलं ते पत्रातच आहे. पक्कं पत्र त्यांना गेलं; कच्चं माझ्याकडे आहे, खाडाखोडीसकट. ते तसंच देतो.

"आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार. मी पास झालो हे काकांना फोनवर सांगितलंच आहे. हे पत्र जेवणाच्या आमंत्रणाचं आहे. चुका असतील तर आल्यावर सांगा.

आईने जेवण ठरवलं आहे. भात, वरण, वांग्याची भाजी, कढी, बेसनाची भजी आणि तांदळाची खीर. प्रसादाचा शिरा तांदळाच्या कणीचा. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळतात असं तुम्ही एकदा म्हणाला होतात, म्हणून फोडणी नुसत्या जिऱ्याची. घरातला कणकेचा डबा साहू काकीकडे ठेवायला दिला आहे आणि भाड्याची भांडी आई स्वतः उकळत्या पाण्यातून काढणार आहे. साहू काकी म्हणाली, पुरी नसेल तर लोक नावं ठेवतील. बाबाही थोडे घाबरले आहेत. आई म्हणाली, 'ठेवू दे. एक दिवस पुरी नाही खाल्ली त कोणी मरून नाही राहिलं.'

काकू, तुमच्यासाठी वेगळं काही केलेलं नाही. जे सगळ्यांच्या पानात, तेच तुमच्या पानात. त्या दिवशी आमच्या घरी गहू कोणालाच चालत नाही.

वाढायला आम्ही आहोत. तुम्ही बसायला या.

तुमचा,
गणेश"